माझं कव्हर त्याच्या अंगावर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. येडगावात कल्याणीताईंच्या घरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. शेजारच्या त्या काळ्या, चकचकीत महाशयांकडे इतक्यात पाहू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

पुण्यातल्या एका कचेरीत मी पत्रं टाइप करत होतो. शहाण्णव साली कल्याणीताईंचा भाऊ धम्मपाल याने मला घरी आणलं. त्यांच्या आईनं, द्रौपदाबाईंनी, माझ्या पाठीच्या पोकाचं माप घेऊन लोकरीचं निळं कव्हर विणलं. माझ्या पोटात एक खेळ होता. आकाशातल्या ग्रहांवर वस्ती करायची, शत्रूला हटवायचं आणि दर फेरीला एक नवा शोध निवडायचा. शोध मोजकेच. प्रत्येकाखाली एक सोपी ओळ असायची: हा घेतला तर धान्य वाढेल, हा घेतला तर अवकाशयानं वेगात जातील. कल्याणीताई ती ओळ मराठीत सांगायच्या आणि द्रौपदाबाई शेंगा सोलता सोलता कौल द्यायच्या. "आदी पोटाचं बघ गं, मंग लढाईचं!" मायलेकी बहुधा जिंकायच्या आणि शाबासकी मला मिळायची.

दोन हजार तीन साली धम्मपालनं हा नवा आणला. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. पण माझं कव्हर काढून त्याच्या अंगावर घातलं, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. मला कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं. बाजारच्या दिवशी आळेफाट्याला नेऊन मोडीत द्यायचं, असंही ठरलं.

त्याच्यातही ग्रहांचा खेळ होता. पण शोध केवढे! वडाच्या पारंब्यांसारखे एकातून एक फुटलेले आणि खाली नुसती भारदस्त इंग्रजी नावं. कोणता घेतला तर पदरात काय पडेल, याचा पत्ताच नाही. कल्याणीताई 'फ्यूजन प्लांट'वर अडल्या. त्यांनी डिक्शनरी उघडली.

"आई, फ्यूजन म्हंजे जोडणं. प्लांट म्हंजे रोप."

"मंग कलमच की गं ते! द्राक्षाला करत्यात तसं. घे, लई पिकंल."

सगळी ताकद त्या कलमावर लावली आणि निघालं ते वीजघर! सगळे ग्रह झगमगले आणि वस्तीवरची माणसं उपाशी मेली.

"हितं लाइट नाय म्हणून बोंबलतो," द्रौपदाबाई म्हणाल्या, "आन् तिथं काय नुसती लाइटच खायाची व्हय?"

कोपऱ्यात मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कल्याणीताई हसून हसून दमल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या जुन्यावर कळायचं तरी, काय घेतलं की काय मिळतं. आई, ह्याला नाय द्यायचा मोडीत. नव्या पोरांना आदी ह्याच्यावरच बसवते. निवडायचं कसं ते कळलं, की मंग जातील तिकडं."

असा मी टेबलावर परत आलो. आता मुलं माझ्यापाशी निवड करायला शिकतात आणि शिकली की उठून त्याच्याकडे जातात. तिथं जिंकली की टाळ्या त्याला. पहिलीच्या गुरुजींचं असंच होत असणार. कव्हरही मला परत मिळालं, पण कोपऱ्याला उसवलेलं. त्याच्यासाठी द्रौपदाबाईंनी नवं कोरं विणलं, लाल गोंड्यांचं. ते गोंडे मला अजून सलतात.

मित्रांनो, नवं जरूर घ्या, पण घेण्याआधी विचारा, यातून मिळणार काय? आणि तिकडे जाण्याआधी माझ्या काचेवरची धूळ तेवढी पुसा. सावकाश पुसा. त्याला दिसलं पाहिजे.