व्हर्नेलने मोकळ्या ठेवलेल्या जागा

मित्रांनो, सरका जरा जवळ. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या आमच्या चर्चची गोष्ट सांगते, पुरी होईपर्यंत उठू नका.

मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे, काळी आणि ओरखड्यांनी भरलेली. व्हर्नेल टॉलिव्हरचे पहिलेवहिले गाणे माझ्या अंगात आहे. ते गायला ती तबकड्या काढणाऱ्या कंपनीत गेली तेव्हा चर्चमधल्या साऱ्या गाणाऱ्या बाया सोबत होत्या. गोऱ्या मालकाने त्यांच्याकडे चोरांकडे पाहावे तसे पाहिले. "गाणारी एकटी आत. बाकीच्या मागच्या गल्लीत थांबा." आम्हा काळ्या लोकांना तेव्हा असेच वागवत.

मी बाजारात आले आणि माझी छी-थू झाली. वर्तमानपत्रांनी लिहिले, पोरगी ओळीओळीला अडखळते. पुढे प्रेमाची गाणी गाऊन व्हर्नेल नावारूपाला आली. मी मात्र तिच्या बहिणीच्या, ऑर्लीनच्या, कपाटात पडून राहिले. कोणी हात लावला की वाटे, हा फेकायलाच आला.

व्हर्नेल वारली. 'चर्चमध्ये निरोप देताना माझं पहिलं गाणं लावा,' एवढेच तिचे मागणे होते. ऑर्लीन मला घेऊन आली, तर चर्चचे वडीलधारे कारभारी, डीकन होझिया, दारातच आडवे आले.

"सिस्टर, त्या नाचगाण्यातलं तर काही आणलं नाहीस ना?"

"देवाचं गाणं आहे, डीकन."

"देवाचं? मग चाचरते कशाला? तेव्हाच तिचं मन चर्चबाहेर होतं."

"प्रार्थना म्हणताना तुम्ही अर्धा वेळ खाकरता. तुमचं मन कुणी तपासलं का?"

बाकावरच्या म्हाताऱ्या फिसकन हसल्या.

"बरं, लाव. पण शंका आली की सुई उचलणार मी."

सुई माझ्यावर टेकली. व्हर्नेलने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. डीकनचा हात सुईकडे निघाला. तेवढ्यात मागून एक म्हातारी सवयीने पुकारली, "सांग पोरी, सांग!" दुसऱ्या ओळीनंतर सारे चर्च पुकारले. आमचे पाद्री प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात, आणि त्यांच्या प्रत्येक ओळीला लोकांनी हुंकार द्यायचा असतो. व्हर्नेलही तशीच गायली होती. गल्लीत अडवलेल्या बायांच्या हुंकारासाठी तिने जागा सोडली होती. घरी एकेकट्याने ऐकणाऱ्यांना ते कसे कळावे?

डीकनचा हात हवेतच थबकला. मग तोच उंच करून ते गरजले, "हो प्रभू!" ऑर्लीन ढसाढसा रडली.

मित्रांनो, जुने गाणे जपा. नावे ठेवण्याआधी ते कोणत्या दिवसांत, कोणासाठी गायले गेले ते विचारा. अनोळखी हाताला मी अजूनही बिचकते. तो स्वभाव आता जायचा नाही. पण प्रार्थनेला बसाल तेव्हा आमच्या व्हर्नेलची आठवण काढा.