जवाचं पातेलं

"एकशे त्रेपन्न!" लिसार्दोने काट्यावरचा आकडा ओरडून सांगितला आणि फळी उचलली. डुक्कर कुरकुरत पलीकडच्या वाड्यात गेलं. "बालबिनोकाका, ह्यानं ओकची बोंडं खाल्ली की अख्खी झाडंच?"

बालबिनो हसला नाही. पुढच्या डुकराच्या पुठ्ठ्यावर त्याने काठी टेकवली आणि त्याला काट्यावर चढवलं. ऐंशी झाली होती, बत्तीस राहिली होती.

एउलालिया नावाची इन्स्पेक्टर पालथ्या खोक्यावर बसून लिहीत होती. नोव्हेंबरात डुकरं ओकच्या रानात सोडली, त्या दिवशीही तिनेच वजनं घेतली होती. तेव्हापासून डुकराच्या पोटात बोंडं आणि गवत ह्याखेरीज काही जाता कामा नये, आणि बाहेर पडताना प्रत्येकाने निदान सेहेचाळीस किलो कमावलेले असावेत, असा नियम. तेवढं जमलं की कानाला काळा बिल्ला. नाही जमलं की पांढरा, आणि मग ते मांस बाजारातल्या कुठल्याही मांसासारखं.

स्पेनच्या एस्त्रेमादुरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ह्या वर्षी मात्र त्या काळ्या बिल्ल्याला आणखी एक शेपूट होतं. उन्हाळा कोरडा गेला, झाडांवर बोंडं निम्मीच धरली. लिसार्दो कारभारी झाल्यापासून लाल जातीचा नर आणायचा म्हणून मालकाच्या मागे लागला होता. लालचं पिल्लू दहा महिन्यांत तयार, डुकरीण एका वेताला दहा देणार. बालबिनोच्या काळ्या सहा पिल्लं देत, आणि दीड वर्षाच्या आत कापायला येत नसत. पण काळ्याची चरबी मांसाच्या आत शिरते, लालची वरवर बसते. बालबिनोने हे मालकाला एकदाच सांगितलं होतं. मालक दोघांनाही दुखवायचा नाही, म्हणून त्याने पक्का व्यवहारी तोडगा काढला: ह्या वाईट साली सगळीच्या सगळी काळी नुसत्या बोंडांवर वजनाला उतरली तर काळीच ठेवू. एक जरी कमी पडलं, तर वसंतात लाल नर येईल.

बालबिनोने ही जात एकेचाळीस वर्षं सांभाळली होती. आता रानात दुसऱ्या कुणाकडे ती निर्भेळ उरली नव्हती.

"एकशे अठ्ठेचाळीस! शेवटचं!" लिसार्दोने टोपी काढून डोकं पुसलं. "बोला मॅडम, हरलो का मी?"

एउलालियाने दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं. "सगळ्यात कमी वाढ सत्तेचाळीस. सगळी पास."

"घ्या! म्हातारबा जिंकले." लिसार्दोने बालबिनोच्या पाठीवर थाप मारली. माणूस हरायला नाराज होता, पण कद्रू नव्हता. "आज तरी हसा की काका. कासिल्दाकाकू असती तर तुमच्याऐवजी तीच नाचली असती."

"काहींनी जव खाल्लेत," बालबिनो म्हणाला.

"काय?"

"जव. उकडलेले. बटाट्याच्या सालींबरोबर."

एउलालियाचं पेन थांबलं. लिसार्दोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, चेष्टा करायची ही वेळ आहे?"

बालबिनोने सांगितलं, तेही कुंपणाचा खांब कुठे मोडलाय हे सांगावं तसं. त्याची बायको कासिल्दा दरवर्षी घरी एक डुक्कर पाळायची. त्याच्यासाठी रोज संध्याकाळी ती पातेलंभर जव उकडायची, आणि तिचे गुडघे दुखत म्हणून ते ओतायला जायचा तो. ती गेली. सुतकाच्या घरात डुक्कर कापत नाहीत, म्हणून मेहुणीने ते विकून टाकलं. जवाचं पोतं मात्र राहिलं.

"मग मी उकडत राहिलो," तो म्हणाला. "संध्याकाळ झाली की हात चुलीकडे जायचा. खोपटात कुणी नाही, म्हणून कुंपणावरून पलीकडे ओतायचो. तिथे ह्यांतली काही यायची."

"किती दिवस?" एउलालियाने विचारलं.

"तीन आठवडे. मग एकदा पातेलं घासताना ध्यानात आलं, आपल्या घरी डुक्कर नाही."

वाड्यात डुकरं एकमेकांना ढोसत होती.

"कुठली कुठली खायची?"

"अंधार पडायचा तोवर. मला नाही सांगता यायचं. त्यांना येईल."

तो घराकडे गेला आणि पातेलं नि लोखंडी पळी घेऊन आला. वाड्याच्या कडेला उभं राहून त्याने पळी पातेल्याच्या काठावर तीनदा आपटली.

एकशे बारा डुकरांपैकी बहुतेकांनी कान हलवले आणि पुन्हा माती उकरायला घेतली. मागून एक निघालं. मग दोन. बाकीच्यांना धक्के देत, घाईघाईने ती कुंपणाशी आली आणि लाकडांच्या फटींतून नाकं बाहेर काढून वाट पाहत राहिली. अकरा होती. बालबिनोलाही तो आकडा तेव्हाच कळला.

एउलालिया उठली, एकेकाचा कान धरून नंबर पाहत गेली आणि यादीत शोधत राहिली. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. काठावर पास झालेली ती हीच होती.

"अहो, कुणी पाहिलं होतं?" लिसार्दोचा आवाज चढला. "मी विचारलं? ह्या बाईंनी विचारलं? गप्प बसला असतात तर तुमची काळी राहिली असती!"

"राहिली असती."

"मग?"

बालबिनोने फाटक थोडं उघडलं आणि अकरांना एकेक करून वेगळ्या कोंडवाड्यात घेतलं. ती मुकाट आली. त्यांना वाटलं, जव तिकडे आहेत.

लिसार्दो मालकाला फोन करायला गाडीकडे गेला. जाताजाता त्याने दगडाला लाथ मारली, मग परत येऊन बालबिनोच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

एउलालियाने वेगळा कागद घेतला. अकरा नंबर लिहिले, प्रत्येकापुढे पांढरा बिल्ला. खाली कारणाचा रकाना होता.

"चारा चुकून घातला, एवढं पुरेल," ती म्हणाली. "की घरातला मृत्यू लिहू? लिहिलं तर हेतुपुरस्सर नव्हतं असं धरतात. तुमच्यावर काही येणार नाही."

"लिहा."

"तारीख लागेल, काका. बाई कधी गेल्या?"

बालबिनोने तोंड उघडलं. त्याला प्रत्येक डुकरिणीच्या वेताचा दिवस पाठ होता, तीन वर्षांपूर्वी पाण्याची नळी फुटली तो वारही आठवत होता. तो ओकच्या झाडांकडे पाहत राहिला.

"डुकरं सोडली," शेवटी तो म्हणाला, "त्याच्या तीन दिवस आधी."

एउलालियाने नोव्हेंबरची यादी उघडली, वरची तारीख पाहिली आणि मनात तीन वजा केले.

"नऊला सोडली. म्हणजे सहा."

"असेल," बालबिनो म्हणाला.

तिने सहा लिहिला.