दिवेलागणीचं दार

आमच्या घरात रोजचं भांडण दिवेलागणीला ठरलेलं असायचं. सासूबाई देवापुढे दिवा लावायच्या आणि लगेच बाहेरचं दार सताड उघडायच्या. का, तर लक्ष्मी यायची वेळ. विक्रोळीला खाडीच्या अंगाला तळमजल्यावर राहणाऱ्यांकडे त्या वेळेला लक्ष्मीच्या आधी कोण घुसतं, ते मी सांगायला नको.

माझी रुचिरा तेव्हा दोन महिन्यांची. उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून चाळीत प्रत्येक दारासमोर पिंप, आणि पिंपाला झाकण असेलच असं नाही. पलीकडच्या खोलीतल्या मिहिरला डेंग्यू होऊन दवाखान्यात ठेवला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या नवऱ्याने, नितेशने, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, पलंगावर मच्छरदाणी बांधली. तरी पोरीच्या अंगावर लाल ठिपका दिसला की मी तिला उजेडात नेऊन नखशिखान्त तपासायचे.

"आई, दार लावा ना. डास येतात," मी म्हणायचे.

"लक्ष्मी दारावरसून परत जाता गो."

"तिला सकाळी यायला सांगा."

हे जरा लागलं असावं. सासूबाई उठल्या. दिवा उचलून बाहेर पायरीवर ठेवला, स्वतः शेजारी बसल्या आणि मागे हात करून दार ओढून घेतलं. पुढे रोज तसंच. अंधार पडला की आत येऊन पाय खाजवत बसायच्या. डासांचं मलम पुढे केलं तर म्हणायच्या, "माका नको तो वास." मी म्हटलं, मरू दे, दार तर बंद झालं. आपण जिंकलो.

मग त्यांनी रुचिराला घेणं सोडलं. तेल लावून आंघोळ घालायची ती त्यांनीच, मला कधी हात लावू दिला नव्हता. आता म्हणे कंबर धरली. पोर रडली तरी भिंतीला टेकून नुसत्या बघत राहायच्या.

"तुझी आई माझ्यावरचा राग पोरीवर काढतेय," मी नितेशला म्हटलं. तो नेहमीप्रमाणे कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते आणि रुचिराने आकांत मांडला. "आई, घ्या ना जरा." त्या आणखी मागे सरकल्या. माझं डोकंच फिरलं. तशाच पिठाच्या हातांनी पोरीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले, तर माझा हात त्यांच्या हाताला लागला. चटका बसावा इतका गरम.

"आई, कधीपासून?"

"परवापासून. रुचिराक लांब धर गो. चेडवाक ताप लागतलो."

"अहो, हा ताप हात लावून लागत नाही."

त्यांना ते पटलं नाही. "दार मीच उघडा ठेवी होतंय," त्या म्हणाल्या. "घरात ताप येवचोच होतो तर माझ्याकडे इलो, ता बरा झाला."

 मला स्वतःचीच लाज वाटली.

रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात दवाखान्यात ठेवायला नको, पाणी पाजत राहा, मच्छरदाणीत झोपवा. उठताना म्हणाले, "ताप असेपर्यंत घाबरू नका. उतरला की जास्त जपा, खरा धोका तेव्हा असतो."

घरात मच्छरदाणी एकच. नितेश कामावरून येताना दुसरी आणणार होता, पण त्याला यायला रात्र होणार.

"जाळी चेडवाची आसा," सासूबाई म्हणाल्या. "मी भायर बसतंय."

"तुम्हांला चावलेला डास रुचिराला चावला म्हणजे? गुमान आत जा."

त्या लगेच आत गेल्या. नातीसाठी म्हटल्यावर त्यांचं काही चालत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी म्हटलं असतं तर दुपारभर वाद घातला असता.

मी जाळीच्या कडा गादीखाली खोचल्या. रुचिराला ओढणीत गुंडाळून पलंगाशी बसून राहिले. तिच्या पायांवरून एक हात सारखा फिरवत होते. दुसरा मधूनमधून जाळीखालून आत घालून सासूबाईंचं कपाळ बघत होते. कपाळ गरम लागलं की मला बरं वाटत होतं.