प्रेसखालची काकडी

पत्रे कापायच्या प्रेसचा दट्ट्या खाली आला आणि मल्हारीच्या हातातल्या तारेला खोचलेली काकडी तुटून पडली.

"बघा," लंकाबाई म्हणाली. "आन मला म्हने बसा मशिनीवर!"

मल्हारीने काकडीचा तुकडा उचलून बाजूला टाकला. सातपूरच्या या कारखान्यात एके काळी तोही प्रेसवरच होता. डाव्या हाताची दोन बोटं गेल्यावर त्याला वायरिंगच्या कामावर टाकलं. चौऱ्याऐंशी साली पुण्याच्या साहेबांनी प्रेसला मायक्रोप्रोसेसरचं कार्ड बसवलं, मल्हारीला प्रोग्राम लिहायला शिकवलं आणि ते गेले ते गेलेच. दट्ट्यापुढे सोडलेल्या प्रकाशाच्या झोतात हात आडवा आला की दट्ट्या जागीच थांबायला हवा होता. दुपारच्या शिफ्टला लंकाबाई तिथे बसणार होती.

तो कार्डापाशी उकिडवा बसला. त्याचा प्रोग्राम फारच शिस्तीचा होता. आधी नग मोजायचे, मग दिव्यांवर आकडा दाखवायचा, मग हात आलाय का ते बघायचं. पापणी लवेपर्यंत हे सगळं उरके, पण दट्ट्याला तेवढा वेळ पुष्कळ होता.

साहेबांनी इंटरप्टही शिकवला होता. दारावर थाप पडली की भरल्या ताटावरून उठायचं, तसं प्रोग्रामने चालू काम तिथेच सोडून आधी हाताकडे बघायचं. मल्हारीने तो भिऊन टाळला होता, कारण उठल्यावर परत कुठल्या घासापाशी यायचं हे त्याला कधी उमगलंच नव्हतं. आता तो स्वतःवरच चिडला. अरे, इथे परत यायचंच कुठे आहे? थांबायचं आहे!

झोताची तार त्याने इंटरप्टच्या टोकाला जोडली आणि प्रोग्रामचे नवे आकडे कार्डात चढवले.

दुसरी काकडी आत सारली. दट्ट्या वीतभर वरच थबकला. तिसरीवरही थबकला.

"बसा आता, लंकाबाई."

"काकडीला घरी लेकरं नाय, भाऊ. तुमचा हात घाला."

मल्हारीने मुकाट्याने डावा हात पुढे केला.

"तो नाय," ती म्हणाली. "धड हाय तो घाला."

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. याच हाताने तो जेवत होता, याच हाताने त्याने आत्ता आकडे चढवले होते. त्याला नाही म्हणावंसं वाटलं, आणि म्हणता येईना.

लंकाबाईने कळ दाबली. दट्ट्या सुटला. मल्हारीने उजवा हात आत घातला.

दट्ट्या थांबला.

हात तसाच आत होता. तो बाहेर काढायचं मल्हारीला सुचत नव्हतं.

"काढा आता, भाऊ," लंकाबाई हळूच म्हणाली. मग ती स्टुलावर बसली आणि बांगड्या कोपराकडे सारू लागली.