काकडा संपल्यावर

क्लबच्या नोंदणीसाठी शालिग्राम सरांना अकरा नावं हवी होती आणि त्यांच्याजवळ दहाच होती. एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं.

मी शाळेत क्लार्क आहे आणि शालिग्राम सर पीटी शिकवतात. त्याआधी ते फौजेत होते. काश्मीरच्या बर्फात पायांना लांब पट्ट्या लावून, दोन काठ्या टेकत, सपाटीवरून कोसच्या कोस जायचे. त्याला क्रॉसकंट्री स्कीइंग म्हणतात हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. आता भुसावळात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात, तोही मागितला तर. म्हणून सरांनी चाकांचे स्की मागवले. हातभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे एक चाक, मागे एक चाक. बूट फक्त चवड्याशी अडकतो, टाच मोकळी. ब्रेक नाही. रेल्वे कॉलनीतले रुंद रस्ते पहाटे रिकामे असतात, तिथे सराव.

"नुसतं नाव द्या प्रमिलाताई. यायची सक्ती नाही," सर म्हणाले.

मी सही केली. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला कोण चाकांवर उभं करणार होतं?

घरी तेव्हा माझा नवरा पडून होता. मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे पंडित लिहिते, नाहीतर कोण कोणाला म्हणालं ते कळायचं नाही. पंडित एसटीत कंडक्टर. चोवीस वर्षं भुसावळ ते जामनेर उभ्याने तिकिटं फाडली. मे महिन्यात डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, हातही थोडा परत आला, पण पाय काही येईना. डॉक्टर म्हणाले, पायात जीव आहे, रोज व्यायाम केला तर उभे राहतील. व्यायाम शिकवायला एक बाई आठवडाभर येऊनही गेली. पंडितांनी छताकडे पाहून सांगितलं, "होत नई." मी समजावलं, चिडले, हात जोडले. नाशिकहून मुलगी हेमांगी फोनवर रडली. उत्तर एकच, "होत नई."

पहाटेपासून रात्रीपर्यंत मी त्या माणसाचं सगळं करत होते आणि मध्ये शाळा. तक्रार नाही करत. पण कधीकधी न्हाणीघराची कडी लावून मी उगाच पाच मिनिटं उभी राहायचे, नळ सोडून.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कॉलनीत गेले, ते केवळ बघायला. सरांनी बघू दिलं नाही. बूट चढवला, काठ्या हातात दिल्या, आणि मी तिथल्या तिथे बसकण मारली. शाळेतल्या पोरी हसल्या. पाचव्या दिवशी मात्र काठ्या टेकल्या, जोर लावला आणि मी सरकले. नुसती सरकत गेले, निंबाच्या झाडांखालून, कोणाचं काही उचलत नव्हते, कोणाला उठवत-बसवत नव्हते. चाळीसेक पावलांचं अंतर असेल. त्या चाळीस पावलांत मला नवरा आठवला नाही. थांबल्यावर आठवला, आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी सहाव्या दिवशी मी हजर.

आता घरी काय सांगायचं? तुम्ही पडलेले असताना मी रोज पहाटे चाकांवर घसरायला जाते, असं? कोजागिरीपासून देवळांत काकड आरती सुरू होते, महिनाभर चालते. मी सांगून टाकलं, काकड्याला जाते. गल्लीतल्या बायका जवळच्या देवळात जायच्या, म्हणून मी रेल्वेलाइनीपलीकडच्या विठ्ठल मंदिराचं नाव घेतलं. म्हटलं, तिथला विठ्ठल जागृत आहे.

"जाय," पंडित म्हणाले. "माह्यासाठी काही मांगू नको. तुले थोडं बरं वाटीन."

रोज साडेपाचला निघायचं, पावणेसातला परत. येताना वाण्याकडून खडीसाखर घ्यायची आणि प्रसाद म्हणून द्यायची. पंडित ती उजव्या हाताने कपाळाला लावायचे आणि मगच तोंडात टाकायचे. एवढं पाहूनही मी दुसऱ्या दिवशी वाण्याला पैसे द्यायचे.

महिना संपला. त्रिपुरी पौर्णिमेला सगळीकडे काकड्याची समाप्ती झाली. त्या रात्री पंडित म्हणाले, "चाल, आता सकायी झोपशीन तरी."

झोपायचंच नव्हतं मला. आदल्या दिवशी मी पहिल्यांदा कॉलनीच्या दवाखान्यापासून फाटकापर्यंत न पडता गेले होते. आणि मी तोंडात येईल ते बोलले.

"काकडा संपला, पण मी नवस बोललेय. तुम्ही पायावर उभे राहाल तोपर्यंत रोज पहाटे त्या देवळात जाईन."

पंडितांनी माझ्याकडे बघितलं. "मी उभा राहीन?"

"हो."

"आन् नईच राह्यलो तं?"

"तर जन्मभर जाईन."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोप आली असेल. मी मनात म्हटलं, सुटले. आता वर्षभर तरी कोणी विचारणार नाही. देवाच्या नावावर एवढं मोठं खोटं बोलून मी तो विचार केला, आणि त्याआधी दूध झाकून ठेवायला विसरले नाही, तेही सांगते. इतकी मी शुद्धीवर होते.

मार्गशीर्ष आणि पौष आमच्याकडे हाडं गोठवतात. क्लबातल्या पोरींची संख्या अर्धी झाली. मी एक दिवस चुकवला नाही. सर म्हणायचे, "ताई, तुमचा दम फौजीचा आहे." डिसेंबरात मी चार किलोमीटर एका दमात जायला लागले. काठ्यांनी तळहाताला घट्टे पडले. एक दिवस अंग पुसताना ते पंडितांच्या नजरेस पडले.

"हे काहाचं?"

"देवळाचं आवार झाडते. सेवा म्हणून."

त्यांनी खोबरेल तेलाची बाटली मागितली. झाकण दातांनी उघडलं आणि एका हाताने माझ्या दोन्ही तळहातांना तेल चोळत बसले. बराच वेळ. मी हात ओढून घेतला नाही. घ्यायला हवा होता. त्याच वेळी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बास, कपडे खराब होतील.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पावणेसातला घरी आले. दार लोटून आत पाहिलं तर पलंग रिकामा. पंडित खिडकीत उभे होते. उजव्या हाताने गज धरलेला, डावा पाय थरथरतोय, धोतराचा सोगा जमिनीवर, पण उभे. चोवीस वर्षं बसमध्ये उभे राहायचे तसे जरा तिरके.

"मंग?" ते म्हणाले.

मी तिथेच बसले आणि रडायला लागले.

आणि आता जे सांगायचं ते सांगते. त्यांना उभं पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? माझा क्लब संपला, हे आलं. नवस फिटला, आता उद्या पहाटे कुठे जाते म्हणून सांगणार? मग पुढच्या क्षणी त्यांचा थरथरता पाय दिसला आणि मी खरोखर आनंदाने रडले. पण तो दुसरा क्षण होता.

पंडित हळूहळू पलंगावर बसले. धाप लागली होती, चेहरा मात्र उजळला होता. "तू गेली की मी रोज या गजाले धरून उठाचो," ते सांगत होते. "पह्यले आठ दिवस नुसता पडलो. म्हटलं, ती एवढ्या थंडीत माह्यासाठी चालून राह्यली, आन् आपण गोधडीत पडेल. लाज वाटली मले. म्हटलं, हिची सुटका कराची."

त्यांनी हेमांगीला फोन लावला. "तुही माय ढसाढसा रडली, पोरी! आनंदानं!" मग मुक्ताईनगरच्या बहिणीला, मग डेपोतल्या दोघा-तिघांना. प्रत्येकाला माझ्या रडण्याचं सांगितलं. मी स्वयंपाकघरात कणिक मळत होते आणि ऐकत होते. प्रत्येक फोनला कणकेत पाणी जास्त पडत होतं.

पुढच्या गुरुवारी नवस फेडायला जायचं ठरलं. मी म्हटलं, रिक्षाचे धक्के सोसायचे नाहीत. म्हटलं, घरीच नारळ फोडू. पंडित ऐकायला तयार नव्हते. वॉकर घेतला, नवं धोतर, नारळ, पेढे. रिक्षावाल्याला थांबायला सांगून ते देवळाच्या सभामंडपात चार पावलं चालले. स्वतःचे स्वतः. आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी 'वा वा' केलं. मी मागे उभी राहून देवाकडे न बघता फरशीकडे बघत होते.

पुजारी जीवराम महाराज पुढे आले.

"महाराज, हिच्या सेवेनं झालं," पंडित म्हणाले. "रोज सकायी साडेपाचले येत व्हती तुमच्याकडे. आवार झाडत व्हती."

महाराजांनी मला नीट पाहिलं. वाईट माणूस नव्हता. जे होतं तेच बोलला.

"भाऊ, काकडा संपल्यावर देऊळ साडेसहाले उघडते. आवार माह्यी सून झाडते. या ताई... पह्यल्यांदाच पाह्यतो मी."

पंडित माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी नारळ पुढे केला. "फोडून द्या महाराज," एवढंच म्हणाले.

नारळ फुटला. आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसलो. रिक्षावाला दूर पानटपरीवर होता.

"कुठी जात व्हती?"

मी सांगितलं. सगळं. शालिग्राम सर, अकरावं नाव, चाकं, काठ्या, घट्टे, वाण्याची खडीसाखर. मला वाटलं होतं, ओरडतील. चोवीस वर्षं बसमधल्या माणसांवर ओरडलेला गळा होता तो.

"म्हंजे देवाले कोणी काही सांगितलंच नई," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मी उभा राह्यलो ते तुह्या खोट्यावर."

"तुमच्या व्यायामावर," मी म्हटलं.

त्यांनी नारळाची कवड उलटी-पालटी केली. मग माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

"आन् मी उभा दिसलो त्या दिवशी रडली ती?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. आनंदाने रडले असं म्हटलं असतं तर अर्धं खरंच होतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बारा जणांना सांगून झालं होतं त्यांचं. पण चार महिने त्या माणसाला वाण्याचा प्रसाद खाऊ घातला होता मी.

"आधी क्लबसाठी," मी म्हटलं. "मग तुमच्यासाठी."

त्यांनी मान हलवली. हिशोबाचे सुटे पैसे बरोबर आले की हलवायचे तशी. रिक्षावाल्याला हाक मारली. सगळ्या रस्त्याने ते बाहेर बघत होते. मी मध्येच म्हटलं, "मी उद्यापासून जात नाही."

घरासमोर रिक्षा थांबली. आठ महिने झाले, गाडीतून उतरताना, न्हाणीत जाताना, पलंगावरून उठताना ते माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवतात. मी खाली उतरून खांदा पुढे केला.

"वॉकर दे."

मी दिला. रिक्षापासून उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं आहेत. देवळात चार चालले होते तर घाम फुटला होता. पाचव्या पावलाला डावा पाय वळला, ते थांबले, दात आवळले आणि पुन्हा टाकला. समोरच्या घरातली उषा झाडू हातात धरून बघत राहिली. मी मागे होते, दोन्ही हात पसरून, पडले तर धरायचं म्हणून. मला रडू येत होतं आणि मला रडायचा हक्क नव्हता.

नवव्या पावलाला त्यांनी दाराची चौकट धरली. पाठमोरेच होते. मान खाली, श्वास जोरात.

"हात खाली कर," ते म्हणाले. "पडलो तं पडलो."

मी हात खाली केले.