मोठ्या मापाची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. लगेच आडवे होऊ नका! मी झोपायची गादी नव्हे. माणसाच्या पाठीत दोन मणक्यांच्या मध्ये जी मऊ गादी असते, ती झिजून निकामी झाली की तिच्या जागी बसवतात ती मी. धातूच्या दोन चकत्या आणि मध्ये गुळगुळीत प्लास्टिक, एवढाच माझा जीव.

कारखान्यात तपासनीस बाईंनी मला भिंगाखाली उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "हिच्यात खोट काढायला जागाच नाही." त्या एका कौतुकावर मी पुढची सगळी वर्षे काढली. मग लहान, मधली आणि मोठी अशा आम्ही तिघी बहिणी निर्जंतुक पाकिटांत बंद होऊन रुग्णालयाच्या कपाटात आलो. मोठी मी. लहान गेली, मधली गेली, त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही गेल्या. माझे माप कुणाला लागेना. ऑपरेशनच्या खोलीत जायचे आणि हात नसतानाही हात हलवत परत यायचे. कुणाच्या तरी पाठीत जावे आणि ते माणूस उठून चालू लागावे, एवढेच मला हवे होते.

तिथे एक रीत होती. पाकीट फोडण्याआधी सिस्टरने माप मोठ्याने वाचायचे, डॉक्टरांनी ते पुन्हा म्हणायचे, मगच फोडायचे. थोरल्या सिस्टर यात कधी चुकत नसत. उंच्यापुऱ्या बाई, रुग्णाला एकट्या उचलून कूस बदलून देणाऱ्या. पण एके दिवशी त्या सलग तिसऱ्या ऑपरेशनला उभ्या होत्या. डॉक्टरांनी मधली मागितली आणि सिस्टरनी न वाचताच माझे पाकीट फोडले.

दिव्याखाली मी पहिल्यांदाच उघड्यावर आले. वाटले, आले माझे दिवस!

"सिस्टर, ही मोठी आहे."

सिस्टरचा चेहरा उतरला. मधलीचे पाकीट उचलून त्यांनी माप दोनदा वाचले. रुग्णाचे काही बिघडले नाही. बिघडले ते माझे. एकदा उघडलेली गादी पुन्हा कुणाच्या पाठीत घालत नाहीत.

तेव्हापासून मी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात असते. रुग्णांना दाखवायला मला बाहेर काढतात. "एवढीशीच?" म्हणत ते मला दाबून बघतात आणि आपापल्या घरी जातात. खण बंद होतो. आत टाचण्या आहेत आणि एक आटलेले पेन. दोघांनाही बोलायची सवय नाही.

एकदा खण उघडला, तर रुग्णाच्या खुर्चीत थोरल्या सिस्टर! लोकांना उचलून उचलून त्यांचीच पाठ गेली होती, एक पाय बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला मोठी लागेल."

सिस्टरनी मला तळहातावर घेतले. "हीच ना ती?"

"हीच."

"चांगली होती हो. मीच वाया घालवली."

मित्रांनो, मला रडता आले असते तर मी रडले असते. माझी जागा हातभर अंतरावर बसली होती आणि मला तिथे जाता येत नव्हते.

दीड महिन्याने त्या आपल्या पायांनी जिना चढून आल्या. त्यांच्या पाठीत आता माझ्याच मापाची दुसरी गादी आहे. डॉक्टर हसत सांगत होते, "भूल चढेपर्यंत नव्या सिस्टरला बजावत होत्या, दोनदा वाच गं बाई!"

म्हणून सांगते, जड वस्तू एकट्याने उचलू नका, गुडघ्यात वाका, आपली मूळची गादी जपा. आणि काहीही फोडण्याआधी वाचा.

निघताना सिस्टरनी मला रुमालाने पुसले, जवळ धरले आणि माझे माप मोठ्याने वाचले.

"मोठी."

मग त्या डॉक्टरांकडे बघत थांबल्या.

"मोठी," डॉक्टर म्हणाले.

मग खण बंद झाला.