गाव उजव्या हाताला

बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम मेळ्याच्या वर्षी कुंभकोणमभोवती नवा रिंग रोड झाला आणि देवळांच्या गल्ल्यांतली लॉऱ्यांची घुसाघुशी एकदाची थांबली. त्या रस्त्यावरून अख्ख्या गावाला फेरी मारणारी पहिली बस सेतुरामच्या हाती आली. गडी हरखून गेला. बसला झेंडूची माळ घातली, हॉर्न पुसून लखलखीत केला. पण बसमध्ये चिटपाखरू बसेल तर शपथ! लोक थांब्यावर उभे राहत, बस कौतुकाने न्याहाळत, "उद्या येतों हो" म्हणत आणि पायीच चालू लागत.

बसचा मालक राजगोपाल वैतागला. "शुक्रवारपर्यंत बघतो. नाही भरली तर ही बस सेलमला, आणि तूही तिच्याबरोबर."

सेतुरामने बोटांवर दिवस मोजले. बायकोचे, अंबुजाचे, दिवस भरत आलेले, आणि हा तिकडे परगावी इडल्या गिळत बसणार!

शुक्रवारी सकाळी त्याने सासूबाईंपुढे हात जोडले. मीनाक्षीबाईंनी जावयाचं कौतुक कधी चुकूनही केलं नव्हतं. पण त्या बसल्या की निम्मी गल्ली मागोमाग बसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"गुडघ्यांमुळें तुम्हांस देवळास प्रदक्षिणा होत नाहीं. माझ्या बसमध्यें बसा तरी."

"तुमच्या बसमध्यें?" म्हातारी कडाडली. "सगळे देव डाव्या हातास टाकून गावास उलटें फिरतां! असली फेरी चितेस घालितात. पोरीचे दिवस भरलेत आणि मज बोलावितां?"

बस स्टेशनातून निघताना डावीकडे वळणं सोपं, म्हणून सेतुराम रोज डावीकडे वळत होता. एवढंच! "मग आजवर कोणी बोललें कां नाहीं?"

"गाडी निघतांना अभद्र कोण बोलेल? आम्ही समजलों, जावई सुधारक झाले."

सेतुराम धावतच स्टेशनाला पोचला. राजगोपाल बस न्यायला येऊनच उभा होता. "शेवटची एक फेरी," म्हणत त्याने मालकाला हाताला धरून आत बसवलं आणि चाक उजवीकडे फिरवलं.

गाव उजव्या हाताला ठेवून बस येताना दिसली मात्र, थांब्यावर एकच गलका झाला! दारासुरमचे विणकर रेशमाची गाठोडी घेऊन चढले, बायका फुलांच्या परड्या घेऊन चढल्या. ज्यांना मागच्याच थांब्यावर जायचं होतं तेही हसत हसत अख्ख्या गावाला फेरी मारायला बसले. गोपूर दिसलं की सगळी बस हात जोडी. सेतुरामचेही हात उठू बघत. कसेबसे त्याने चाकावर धरून ठेवले.

घराजवळ मीनाक्षीबाई निम्म्या गल्लीला घेऊन उभ्याच होत्या; सगळ्यांसकट बसमध्ये चढल्या. अंबुजा दारातून हसत होती.

फेरी पुरी झाली तरी कोणी उतरेना. "उतरा की आता!" मागून राजगोपाल ओरडला. त्याच्या मांडीवर कुणाची तरी परडी होती.

"एक प्रदक्षिणा कोण घालितो?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "तीन तरी हव्यात."

राजगोपालने भरलेल्या बसकडे पाहिलं आणि कपाळाचा घाम पुसला. "चल रे सेतू. सेलमला दुसऱ्या कुणाला धाडतो."

पुन्हा बस निघाली. शारंगपाणीचं गोपूर दिसताच मीनाक्षीबाईंचे डोळे भरून आले. मग शेजारणीकडे वळून, पार पुढे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "आमचे जावई चालवितात हो!"

वळणावर हॉर्न वाजवायला गेलेला सेतुराम वळण संपलं तरी वाजवतच राहिला.